रॉक, रॅप आणि शेजारच्या सोसायटीचा टँकर

आमच्या घरात जागतिक संगीताचा निकाल पाण्याच्या टँकरने लागला.

एरवी हा प्रश्न असा टँकरवर सोडावा इतका किरकोळ नव्हता. रॉक मोठं की रॅप? कुठल्या गाण्यांनी समाज हलवला? ह्यावर मी आणि माझी मुलगी रेवा गेले सहा महिने वाद घालत होतो. जागा : नावडे कॉलनीतला आमचा वन बीएचके. श्रोता : माझी बायको मीनल, जी दोन्ही बाजूंना सारखीच कंटाळली होती. (आमच्या सोसायटीचं नाव समुद्रावरून ठेवलंय. गच्चीवरून तळोज्याची धुराडी दिसतात. पण ते असो!)

मी रॉकवाला. बेलापूरच्या सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक असलो आणि डोक्यावर आता मोजून दाखवता येतील इतकेच केस असले, तरी मनाने मी बंडखोर आहे. कॉलेजात असताना आमचा बँड होता. तीन जणांचा. ड्रमरकडे ड्रम नव्हते, गायकाला घरून परवानगी नव्हती आणि गिटार माझ्याकडे होती. मी खांद्यापर्यंत केस वाढवले होते. आमच्या अण्णांनी एका सकाळी मला कानाला धरून सलूनमध्ये नेलं आणि माझं बंड पंधरा मिनिटांत जमिनीवर पडलं. तरी मी हार मानली नाही. गेली तीस वर्षं मी घरात रॉकचं महत्त्व सांगतो आहे.

"रॉकने पिढ्या बदलल्या!" मी जेवताना म्हणायचो. "पोरं युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली. सरकारं घाबरली!"

"बाबा, तुम्ही कुठल्या सरकारला घाबरवलंत? तुम्ही तर सरकारी नोकरीत आहात," रेवा म्हणायची.

"मुद्द्यावर बोल!"

"मुद्दा असा की गिटार विकत घ्यावी लागते. अँप लागतो, ड्रम लागतात. रॅपला काहीच लागत नाही. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी तोंडाने सुरुवात केली. म्हणून ते मोठं."

"तोंड काय सगळ्यांनाच असतं!"

"तेच तर!" असं म्हणून ती शांतपणे भात कालवायची आणि मला उगाचच वाटायचं की मी हरलो.

हा सगळा वाद जेवणापुरता राहिला असता. पण दिवाळी संपली आणि रेवाने टेबलावर एक फॉर्म आणून ठेवला. डिसेंबरात वाशीला कॉलेजांची रॅप स्पर्धा होती. रेवा बारावीत, वयाने सतरा, म्हणून खाली पालकांची सही हवी होती.

"बारावी आहे तुझी!" मी म्हणालो.

"एक संध्याकाळ, बाबा. फक्त एक."

"सीईटी कोण देणार? मी?"

तिने फॉर्म उचलला नाही, की आदळआपट केली नाही. ती नुसती खोलीत गेली आणि दार हळूच लावलं. दार आपटलं असतं तर मला भांडता आलं असतं. पुढचे चार दिवस घरात कोणी रॉक म्हणालं नाही, कोणी रॅप म्हणालं नाही. खरं सांगतो, मला ते घर आवडेना. मी दोनदा मुद्दाम रॅपची नालस्ती करून पाहिली, पण रेवा "हं" म्हणून उठून गेली.

शेवटी मीनलने मध्यस्थी केली. ती न्हावा शेवाला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात आहे. तिथे कागदाशिवाय कंटेनर हलत नाही, त्यामुळे आमच्याकडे भांडणही कागदाशिवाय हलत नाही. तिने रेवाच्या वहीतलं एक पान फाडलं आणि विचारलं, "अहो, तुमचं म्हणणं काय? एका वाक्यात."

"रॉकचं सांस्कृतिक महत्त्व जास्त आहे."

"रेवा?"

"रॅपचं."

"मोजायचं कसं?"

इथे मी छाती पुढे काढून म्हणालो, "जे गाणं ऐकून जास्त लोक घराबाहेर पडतील ते मोठं! घेऊ या परीक्षा. आपल्याच सोसायटीत!"

मीनलने लिहिलं : दोन्ही गाणी सोसायटीच्या भोंग्यावर लावावीत. ज्या गाण्याला जास्त माणसं जमतील ते श्रेष्ठ. रॉक जिंकल्यास रेवा स्पर्धेचं नाव काढणार नाही. रॅप जिंकल्यास बाबा कुरकुर न करता सही करतील. खाली तिघांच्या सह्या. (ही सही मी आनंदाने केली, कारण ती स्पर्धेच्या फॉर्मवर नव्हती!)

भोंग्याची किल्ली आमचे सेक्रेटरी ठाकूरकाका ह्यांच्याकडे असते. काका मूळचे नावडे गावातले, शेतं गेली तेव्हा कॉलनीत फ्लॅट घेऊन राहिलेले. मी त्यांना गाठलं. सोसायटीच्या सांस्कृतिक समितीचा मी अध्यक्ष आहे. (सदस्यही मीच आहे.)

"काका, वर्धापनदिन जवळ आलाय. भोंगा एकदा तपासून ठेवतो."

"तपासा. पन सावंत, जास्ती खेलू नका त्याच्याशी," काका म्हणाले आणि किल्ली देऊन आंघोळीला गेले.

रविवार, सकाळचे अकरा. सोसायटीच्या ऑफिसात मी, रेवा आणि हातात कागदपेन घेऊन मीनल. मी माझं सर्वांत लाडकं गाणं निवडलं होतं. परदेशी. सुरुवातीला नुसते ड्रम, मग दोन मिनिटं गिटारचा आक्रोश आणि मग एक माणूस असा ओरडतो, जणू त्याचं सगळं गेलंय. मी माइकवर दोन टिचक्या मारल्या, मोबाइल त्याला टेकवला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर माणसं होती!

खरंच होती. पहिल्या मिनिटात दहा, दुसऱ्या मिनिटात तीस. तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंतची दारं धडाधड उघडत होती. जिन्यावरून लोक धावत होते. बायका होत्या, पोरं होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले जोशी होते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तीस वर्षं मी एकटा ओरडत होतो आणि आज अख्खी सोसायटी रॉकसाठी धावत होती!

"बघ! बघ रेवा! मीनल, मोज!"

"एक्कावन्न," मीनल म्हणाली. "पण अहो..."

"पण नाही, बिण नाही! ह्याला म्हणतात सांस्कृतिक महत्त्व!"

"बाबा," रेवा म्हणाली, "त्यांच्या हातात बादल्या आहेत."

"उत्साह आहे तो!"

"हंडे आहेत. पिंप आहे. जोशीकाका बाळाचा टब घेऊन आलेत."

आता आमच्या कॉलनीची एक रीत सांगायला हवी, जी मला माहीत होती आणि रॉकच्या भरात मी विसरलो होतो. आमच्याकडे नळाला पाणी तासभर येतं. आलं नाही की टँकर येतो. टँकर आला की ठाकूरकाका माइकवर दोन टिचक्या मारतात. पुढे ते काय बोलतात ते कोणी ऐकत नाही, कारण त्या भोंग्यातून आजवर पाण्याशिवाय दुसरा विषय निघालेला नाही. टिचक्या ऐकल्या की आमचा माणूस झोपेतून, पूजेतून, प्रसंगी आंघोळीतून उठून बादली उचलतो.

आंघोळीतून उठलेले स्वतः ठाकूरकाका सर्वांत पुढे होते. कमरेला टॉवेल, अंगाला साबण, दोन्ही हातांत बादल्या. रांगेत पहिला नंबर लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की टँकर आल्याचं सांगायचं काम त्यांचंच आहे.

"सावंत! टँकर कनी मागवला?"

"कोणीच नाही, काका. हे रॉक आहे."

"कय हाय?"

"रॉक! संगीत!"

"मग पानी कुठं हाय?"

हा प्रश्न एव्हाना रांगेतले सगळेच विचारत होते. पण रांग मोडायला कोणी तयार नव्हतं. मी खिडकीतून ओरडून सांगितलं की टँकर नाही, घरी जा. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "सावंत आधी आपलं भरून घेणार असतील!" आणि रांग आणखी घट्ट झाली. मग बी विंगमधल्या दोघी नंबरावरून जुंपल्या. जोशींच्या टबाला एक नंबर द्यायचा की दोन, ह्यावर वेगळं भांडण लागलं. आत माझा गायक अजून ओरडतच होता. आता त्याचं दुःख मला जास्त कळायला लागलं होतं.

आणि तेवढ्यात टँकर आला.

हो, खराखुरा! तो शेजारच्या सोसायटीसाठी निघाला होता. पण ड्रायव्हरने वळणावरून पाहिलं, इथे पन्नास माणसं बादल्या घेऊन उभी. त्याला वाटलं, हीच ती सोसायटी. त्याने गाडी आत घेतली, मागे आला, पाइप सोडला आणि पाणी सुरू केलं. आमच्या लोकांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. पाण्याच्या बाबतीत आम्ही फार चौकस नाही.

"काका, हा आपला टँकर नाही!" मी ठाकूरकाकांच्या कानात म्हणालो.

"आता आपल्या गेटात हाय ना?" काका म्हणाले आणि त्यांनी अंगावरचा साबण आधी धुऊन घेतला.

पाच मिनिटांत शेजारची सोसायटी आली. सगळी! रिकाम्या बादल्या घेऊन आणि भरलेल्या तोंडाने. "आमचा टँकर चोरला!" "तुमचं नाव लिहिलंय का त्याच्यावर?" गेटावर धक्काबुक्की सुरू झाली. एका बाजूने हंडा उगारला गेला, दुसऱ्या बाजूने प्लास्टिकचा मग.  एका गिटारपायी दोन सोसायट्यांत दंगल पेटणार आणि पोलिसांच्या नोंदीत माझं नाव येणार!

मी आत वळलो. रेवा माइकपाशी उभी होती.

"आता माझी पाळी," ती म्हणाली.

"आत्ता? अगं बाहेर बघ!"

"करारात वेळ लिहिलेली नाही," मीनलने कागद बघून सांगितलं. "तुम्ही बाहेर जा आणि माणसं मोजा. तुमचं गाणं मी मोजलं, हिचं तुम्ही मोजायचं."

मी बाहेर जाऊन ठाकूरकाकांच्या शेजारी उभा राहिलो. रेवा मोबाइलवर कुणाचं तरी रॅप लावेल, अशी माझी समजूत होती. भोंग्यातून आधी टेबलावर बोटांनी धरलेला ठेका आला. ठक, ठक-ठक, ठक. मग तिचाच आवाज आला.

*रविवार उजाडला, साहेब उठले,*
*चहाच्या कपासोबत भाषण सुटले.*
*'आमच्या वेळी' म्हणून झाली सुरुवात,*
*दुपार टळली तरी गाडी तिथेच घाटात!*

गेटावर उगारलेला हंडा थांबला. कोणीतरी खुदकन हसलं.

*नळाला नाही पाणी, ह्यांच्या घशाला धार,*
*ऐकणारे दोन जीव, दोघेही बेजार!*

आता चांगला हशा पिकला. मलाही हसू आवरेना. काय नेमकं पकडलं होतं पोरीने ठाकूरकाकांना! दर रविवारी चहाच्या टपरीवर 'आमच्या वेळी नावड्यात' सुरू होतं ते दुपारीच संपतं. लोक हसता हसता माझ्याकडे बघत होते, म्हणजे पोरीच्या बापाकडे बघावं तसे. मी मान लववून दाद स्वीकारत होतो. काकांची मात्र मला दया आली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, मनावर घेऊ नका. लहान आहे ती."

"मी कशाला घेऊ?"

"नाही, म्हणजे थोडं लागतं असं. पण प्रेमानेच म्हणतेय."

*कपाटावर गिटार, सहापैकी तारा तीन,*
*'वाजवा' म्हटलं की म्हणतात, 'मूड नाही, उद्या बघीन!'*

ठाकूरकाकांनी माझा हात खांद्यावरून अलगद काढला. "आवं सावंत," ते म्हणाले, "मी कवा गिटार वाजवली?"

शंभर माणसं हसत होती. दोन सोसायट्यांची, एकत्र! बी विंगमधल्या भांडणाऱ्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. टँकरवाला पाइप हातात धरून ठेक्यावर डुलत होता आणि ते पाणी माझ्या पँटवर पडत होतं. मी बाजूला झालो नाही. बाजूला होऊन कुठे जाणार?

आणि मग तिचा आवाज उतरला.

*दहावीच्या पेपराला सुट्टी काढून येतात,*
*गेटाबाहेर उन्हात तीन तास थांबतात.*
*विचारलं तर म्हणतात, 'इथे काम होतं जरा',*
*खोटं बोलतानाच माझा बाबा वाटतो खरा.*

कोणी हसलं नाही. मला रडू आलं. उघड सांगतो, साठ बादल्यांच्या मधे उभा राहून मी रडलो. मला वाटत होतं, हे तिला कधी कळलंच नसेल. मी झाडामागे उभा राहायचो!

माझ्या शेजारी वाघमारे आजी होत्या. नांदेडकडच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांची कळशी कधीच भरून वाहत होती.

"आमच्या वस्तीत जलसा यायचा," त्या म्हणाल्या. "ते बी असंच, बोलल्यावानी गायचे. माणसाच्या तोंडावर खरं सांगायचे. एक गाणं होतं, पोरीला शाळंत घाला म्हणून. माह्या बापानं ते ऐकलं आन दुसऱ्या दिशी मला शाळंत नेऊन बसवलं. चौथीपस्तोर शिकले म्या. पोरगी गाती चांगलं, भाऊ. गाऊ द्या तिला."

सहा महिने मी सांस्कृतिक महत्त्व, सांस्कृतिक महत्त्व म्हणून ओरडत होतो. आजींनी तो शब्दही उच्चारला नाही. मी त्यांची वाहती कळशी उचलून बाजूला ठेवली.

रेवा माइक बंद करून बाहेर आली, तिच्यामागे कागद घेऊन मीनल. "किती भरली?" मीनलने विचारलं.

"एकशे चार," मी नाक पुसत म्हणालो. "पण त्यातले अर्धे भांडायला आले होते! त्यांना कसं धरायचं? आणि बाकीचे पाण्यासाठीच उभे आहेत. माझे बादलीवाले धरायचे नाहीत, तर हिचे का धरायचे?"

(रडलो म्हणून काय झालं? तत्त्व ते तत्त्व!)

मीनलने टँकरकडे बोट दाखवलं. पाणी संपलं होतं. पाइपातून थेंब पडत होते. सगळ्यांच्या बादल्या भरल्या होत्या आणि कोणीही घरी गेलं नव्हतं. उलट शेजारच्या सोसायटीतला मघाचा हंडेवाला विचारत होता, "ताई, दुसरं आहे का हो?"

मीनलने करारामागून फॉर्म काढला आणि मी तिथेच, टँकरच्या बोनेटवर ठेवून, त्यावर सही केली. ओल्या हाताने केल्यामुळे ती थोडी पसरली. रेवाने आधी फॉर्म फुंकून वाळवला, मग मला मिठी मारली. ठाकूरकाकांनी मिटवामिटवी केली : आपला टँकर येईल तो त्यांचा. माझ्याकडून भोंग्याची किल्ली काढून घेण्यात आली आणि सांस्कृतिक समिती बरखास्त झाली.

डिसेंबरात आम्ही वाशीला गेलो. हॉल गच्च भरलेला. मीनलला पुढे जागा मिळाली, मला मागच्या रांगेत एका अनोळखी गृहस्थांशेजारी. रेवा स्टेजवर आली आणि ठेका सुरू झाला. पहिल्या कडव्याला हॉल हसला, दुसऱ्याला शिट्ट्या पडल्या, तिसऱ्याला शांत झाला. शेवटी पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या शेजारचे गृहस्थही डोळे पुसत टाळ्या वाजवत होते.

"काय लिहिलंय हो पोरीने!" ते मला म्हणाले. "पण तो बाप! अहो, सहन कसं करत असतील घरातले? तुम्ही ओळखता का त्यांना?"

"तोंडओळख आहे," मी म्हणालो. "पूर्वी रॉकमध्ये होते. आता बरे आहेत."